स्टॅन्ली शेळके बसत नाहीत

मंठ्याच्या बाजारात एक माणूस गेली सत्तावीस वर्षं माझ्या एका थापेमुळे उभा आहे, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला तो माणूस माहीत आहे, त्याचे सुजलेले पाय माहीत आहेत, पायांना चोळायचं तेल तिनंच दोनदा करून पाठवलं. पण ती सूज आमच्याच घरातून गेली आहे, हे तिला ठाऊक नाही.

त्यांचं नाव स्टॅन्ली. स्टॅन्ली सखाराम शेळके. नावावरून जे वाटतं त्यातलं काही नाही. मंठ्यापासून दोन कोसावर गाव, पिढ्यान्‌पिढ्यांची शेती, देव्हाऱ्यात खंडोबा, डोक्याला टोपी. धंदा भांड्यांवर नावं घालायचा. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीला लागून त्यांची टपरी. एक फळी, एक दिवा आणि दाताच्या डॉक्टरकडं असतं तसं कुरकुरणारं एक मशीन. आमच्या तालुक्यात कोणाच्याही घरी पाणी मागा आणि पिऊन झाल्यावर तांब्या उलटा करून बघा. अक्षर स्टॅन्लीभाऊंचंच असणार. 'मामाकडून', 'आत्याकडून', 'वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट'. त्यांचा 'स' इतका देखणा, की काही बायका सासूचं नाव नुसतं त्या 'स'साठी घालून घ्यायच्या.

त्यांच्याकडं एकच अडचण होती. अर्थ सांगितल्याशिवाय ते नाव कोरत नसत.

"नाव?"

"संगीता."

"अर्थ?"

"आँ?"

"अर्थ सांगा, ताई. बिनअर्थाच्या नावावर माझा हात चालत न्हाई."

ऐन लग्नसराईत रांग दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आलेली असायची आणि हे एकेकाला नावाचा अर्थ विचारत उभे. एकदा एक गृहस्थ बायकोच्या नावानं एक्कावन्न ताटं घेऊन आले. नाव पिंकी. अर्थ येईना. स्टॅन्लीभाऊंनी ताटं ठेवून घेतली आणि माणूस परत पाठवला. तो तासाभरानं कोणाला तरी विचारून आला, म्हणाला, "गुलाबी."

"तो रंग झाला. माणसाचं काय ते सांगा."

"अहो, ती माझी बायको आहे. मला काय माहीत ती काय आहे?"

"हे बराबर बोललात," म्हणून स्टॅन्लीभाऊंनी त्या मोकळेपणावर खूश होऊन सगळी एक्कावन्न ताटं कोरून दिली.

हंडा घेऊन आलेल्या दुसऱ्या एका बाईचं नाव नकुसा होतं. चौथी मुलगी झाली, नको होती, म्हणून नकुसा. आपल्याकडं असतात अशी नावं. अर्थ विचारल्यावर बाईनं तो खाली बघून सांगितला. स्टॅन्लीभाऊंनी मशीन बंद केलं, थोडा वेळ हंड्यावर नुसता हात फिरवला. मग 'सौ.' एवढंच कोरलं, पुढं बोटभर जागा सोडली आणि शेवटी आडनाव घातलं.

"मधली जागा रिकामी ठेवली हाय," ते म्हणाले. "चांगलं नाव सापडलं की या. त्याचा खर्चा न्हाई."

ती बाई हंडा कडेवर घेऊन गेली. तो हंडा तिनं कोणाला भरू दिला नाही म्हणतात.

आता त्यांच्या स्वतःच्या नावाचं. ते मला पहिल्या भेटीतच कळलं आणि माझं पाप तिथंच झालं, म्हणून ते नीट सांगतो.

मी तेव्हा इथल्या हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर म्हणून नवा लागलो होतो. गावात येऊन पंधरा दिवस झाले असतील. सासुरवाडीहून आलेला तांब्या घेऊन टपरीवर गेलो. नाव सांगितलं भास्कर, अर्थ सांगितला सूर्य. त्यांनी मान डोलावून कोरून दिलं. शिकवतो काय, विचारलं. इंग्रजी म्हटल्यावर मशीन खाली ठेवलं.

"मंग सर, माझं एक काम करा. स्टॅन्लीचा अर्थ सांगा."

नाव आलं कुठून, ते त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. एक पाय जमिनीवर, एक गुडघा स्टुलावर टेकवलेला. त्यांचे वडील सखाराम परतूर स्टेशनात गँगमन होते. तीन लेकरं झाली आणि तिन्ही गेली. चौथ्या वेळी आई, गयामाय, अडली. वाहन नाही, दवाखाना जालन्याला. तेवढ्यात एक मालगाडी सिग्नलला थांबली होती. तिच्या गार्डसाहेबानं बाईला आपल्या डब्यात घेतलं, स्वतः दारात उभा राहिला आणि जालन्याला उतरवून दिलं. लेकरू जगलं. साहेबाचं नाव विचारायचं राहून गेलं. डब्यातल्या लोखंडी पेटीवर पांढऱ्या रंगात एकच शब्द होता, तो स्टेशनमास्तरनं वाचून दाखवला: स्टॅन्ली. सखाराम म्हणाले, देव तीनदा आला न्हाई, हा साहेब एकदा आला आन् काम करून गेला. पोराला ह्याचंच नाव.

"पण सर, ते साहेबाचं आडनाव होतं. म्हंजे मला आडनावं दोन झाली, नाव एकबी न्हाई."

आणि ह्याहून मोठा घोटाळा होता. ज्या घरात मूल जगत नाही, तिथं आपल्याकडं दगडू, धोंडू, केरू असं नाव ठेवतात. म्हणजे नजर लागत नाही, मरणालाही अशा नावाचा मोह होत नाही. गयामायनं शिवेवरच्या लिंबाखालच्या म्हसोबाला बोलून ठेवलं होतं, हे जगलं तर तुझ्याच नावाचं, धोंडू. नवऱ्यानं नाव ठेवलं इंग्रजी. नवस मोडला. त्या दिवसापासून तिनं मुलाला नावानं हाक मारली नाही. "अय", "लेकरा", "आरं इकडं" यावर भागवलं. आणि दर अमावस्येला आपल्या शेतातला एक धोंडा डोक्यावर घेऊन ती म्हसोबापुढं नेऊन ठेवी.

"का?" मी विचारलं.

"माय म्हणते, नाव न्हाई दिलं, वजन तरी देते."

रांगेतले पाच-सहा जण भांडी छातीशी धरून आता माझ्याकडं बघत होते. नवीन मास्तर. इंग्रजीचा. डॉक्टरांना आलं नव्हतं, बँकेच्या मॅनेजरांना आलं नव्हतं, स्टॅन्लीभाऊ परभणीपर्यंत विचारून आले होते. मलाही येत नव्हतं. पण 'मला माहीत नाही' हे शब्द त्या वयात मला उचलत नव्हते. समोर तो माणूस एका पायावर उभा होता. मी म्हणालो,

"उभा राहणारा."

"म्हंजे?"

"जो बसत नाही तो. कायम ताठ."

"हे कशावरून?"

"इंग्रजीत असंच असतं."

त्यांनी टेकवलेला पाय खाली घेतला. मग गुडघ्याखालचं स्टूल उचललं, रस्ता ओलांडला आणि समोरच्या फुलवालीला देऊन आले. "मावशी, ठेवा तुम्हाला. मला आता कामाचं न्हाई." मी हसलो. मला वाटलं, विनोदी माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी ते उभे होते. आठवड्यानं उभे होते. दिवाळीत शाळा सुटल्यावर मी मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो, तेव्हा त्यांनी फळी उंच करून घेतली होती.

जेवण उभ्यानं. चहा उभ्यानं. जालन्याच्या एसटीत सीट रिकाम्या असल्या तरी दांडा धरून. त्यांना बघून नवे चढणारेही बसायला बिचकायचे, कंडक्टर वैतागून म्हणायचा, "शेळके, तुम्ही बसा तरी न्हाईतर उतरा तरी, लोकांना वाटून राह्यलं सीटवर काही सांडलंय." नगरपंचायतीच्या निवडणुकीत कोणीतरी म्हणालं, तुम्ही तर उभेच आहात, फॉर्म तेवढा भरा. झोपायचं काय, हे त्यांनी मला येऊन रीतसर विचारलं होतं. मी म्हणालो, आडवं होणं म्हणजे बसणं नाही. मी हे गंभीरपणे म्हणालो. एकदा खोटं बोललं की पुढं त्याचे नियमही आपल्यालाच करावे लागतात. बाजारातल्या टवाळांनी परसाकडंचं विचारलं, तेव्हा मात्र ते चिडले. "तिथं मी नाव बाहेर ठेवून जातो," म्हणाले.

त्यांच्या मुलीच्या लग्नात कन्यादानाला भटजींनी पाट मांडले. स्टॅन्लीभाऊ पाटामागं उभे.

"बसा, यजमान."

"न्हाई बसता येत. नावात न्हाई."

"अहो, उभ्यानं दान कसं सोडायचं? कोणी सांगितलं हे?"

"सरांनी."

सगळा मांडव माझ्याकडं वळला. माझ्या तोंडात जिलेबी होती. ती गिळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी खरं बोलू शकलो असतो. गिळल्यावर मी म्हणालो, "त्यांची श्रद्धा आहे. असू द्या." मग गव्हाची पोती रचून त्यावर पाट, पाटावर तबक, अशी कंबरेइतकी उंची केली. नवरा उभा, नवरी उभी, भटजी उभे. वराच्या मावशीला उभ्यानंच घेरी आली. सोयऱ्यांकडं अजून त्या लग्नाला 'उभं लग्न' म्हणतात. आणि मला मानाचा फेटा बांधला गेला, कारण मुलीच्या बापाच्या नावाचा अर्थ सांगणारा मी.

खरा अर्थ मला पुढं काही वर्षांनी कळला. पेपर तपासायला जालन्याला गेलो होतो. दुपारच्या सुट्टीत ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक दिसलं, इंग्रजी नावांच्या मुळांचं. हात आपोआप 'एस'वर गेला. त्यात लिहिलं होतं ते असं: स्टॅन्ली हे मुळात माणसाचं नाव नव्हे, गावाचं. जुन्या इंग्रजीत 'स्तान' म्हणजे दगड आणि 'लेआ' म्हणजे रान साफ करून मोकळी केलेली जागा. दगडाच्या रानातली मोकळी जागा. तिथं राहणाऱ्यांचं ते आडनाव झालं आणि आडनावाचं पुढं नाव.

मी आधी हसलो. ग्रंथपालानं वर बघितलं. मग मला बसवेना. त्या पानावर, इंग्रजीत, छापील, धोंडूच बसला होता. सखारामनं नकळत नवस फेडून टाकला होता, बारशाच्या दिवशीच. आणि गयामायचं ते शेत मी पाहिलेलं होतं. दर अमावस्येला एकेक धोंडा उचलून ते शिवारात सगळ्यात साफ झालं होतं. शेजारी म्हणत, नवस मोडावा तर असा. म्हसोबापुढं एवढा ढीग साचला होता की रस्त्याचा ठेकेदार दोनदा विचारून गेला, ही खडी कोणाची. जे नाव ती तोंडानं घेत नव्हती, ते ती डोक्यावरून वाहत होती.

परत येताना एसटीत मी ठरवलं, उतरलो की टपरीवर जायचं. गेलोही. ते उभे होते. पायावर हिरव्या शिरा दोरखंडासारख्या. मला बघून त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, "हे सर. ह्यांच्यामुळं आपल्याला आपलं नाव कळलं." मी नाव घालायचा भाव विचारला आणि घरी आलो.

म्हणजे अर्थ येत नव्हता तेव्हा सांगितला, आणि यायला लागला तेव्हा गप्प बसलो.

पुढं गयामायच्या शेतातले दगड संपले. ऐंशीच्या पुढची म्हातारी, वाकून वाकून बांध धुंडाळायची आणि दगड मिळाला नाही की रडकुंडीला यायची. वजनाला हात लावू देत नव्हती. नवस माझा, ओझं माझं, म्हणायची. तेव्हा स्टॅन्लीभाऊंनी एक उपाय काढला. अमावस्येच्या आदल्या दिवशी ते म्हसोबाच्या ढिगातला एक बेताचा धोंडा उचलत आणि शेतात तिच्या वाटेवर टाकून येत. दुसऱ्या दिवशी म्हातारी तो हरखून उचले आणि म्हसोबाला नेऊन देई.

"सर, पाप तर न्हाई ना?" त्यांनी मला विचारलं. "देवाचाच माल देवाला देऊन राह्यलो."

"बिलकुल नाही," मी म्हणालो. पापाच्या बाबतीत तालुक्यात ते माझ्याकडंच येत.

एका अमावस्येला त्यांनी मला शेतावर बोलावलं. "तुमचं ऐकते. म्हणा, आता बस कर म्हणून." गेलो. गयामाय लिंबाखाली बसली होती, डोक्यावरचा धोंडा नुकताच उतरवलेला, छाती भात्यासारखी हलत होती. स्टॅन्लीभाऊ दहा पावलं मागं उभे.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुम्ही शिकल्याले हायत. एक विचारू का?"

"विचारा माय."

"माझं आता भरत आलं. मी गेल्यावर म्हसोबा ह्याच्याकडं मागल. ह्याला नेईल." तिनं मागं मान वळवून मुलाकडं बघितलं. साठीला टेकलेला माणूस, पाय सुजलेले, टोपी हातात. "त्या विंग्रजी नावात देवाचं काई हाय का हो? जास्त न्हाई म्हणत मी. चिमूटभर?"

एक वाक्य होतं. मराठीत सांगितलं असतं तर पाच-सहा शब्दांचं. पण ते सांगायचं तर मागं दहा पावलांवर उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू गेलं असतं, आणि त्यानं विचारलं असतं, मंग सर, मी इतकी वर्षं कशासाठी?

"नाही, माय," मी म्हणालो. "इंग्रजी नावात कुठलं आलंय देवाचं."

"मला वाटलंच," ती म्हणाली. तिला माझा राग आला नाही. हात टेकून उठली, आणि पुढच्या महिन्याचा दगड लवकर शोधून ठेवावा म्हणून परत शेताकडं चालू लागली.

पुढच्या अमावस्येला चार दिवस असताना ती गेली. उशाला धोंडा काढून ठेवलेला होता. स्टॅन्लीभाऊंनी तो न्हाव्याकडून केस उतरवून आल्यावर तसाच, तुळतुळीत डोक्यावर उचलला आणि अमावस्येला नेऊन ठेवला. मग पुढच्या अमावस्येच्या आदल्या दिवशी ढिगातला एक काढून शेतात टाकला, दुसऱ्या दिवशी उचलला, परत नेऊन ठेवला. डॉक्टरांनी सांगितलं, शिरा फुटतील, बसून काम करा, वजन बंद करा. ते डॉक्टरांना म्हणाले, "वजन मायचं हाय आन् उभं राहणं सरांचं. माझं काही न्हाई ह्याच्यात."

वर्षश्राद्धाला त्यांनी नात्यागोत्यात आणि ओळखीत तांबे वाटले. सगळे स्वतः कोरले. माझा घरी आणून दिला. आमच्या बैठकीत खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले, चहा घेतला, गेले. गेल्यावर मी तांब्या फिरवून वाचला. 'कै. गयाबाई सखाराम शेळके यांच्या स्मरणार्थ. मुलगा' आणि पुढं काही नाही. बोटभर जागा. मग 'शेळके'.

मी दारातून हाक मारली. "स्टॅन्लीभाऊ, नाव राहिलं."

"राह्यलं न्हाई," ते फाटकातून म्हणाले. "मायनं ते नाव कधी घेतलं न्हाई. तिच्या तांब्यावर कसं घालू? जागा ठेवली हाय. तिला पटल असं सापडलं की टाकू."

गेल्या अमावस्येला मी परतूरला चाललो होतो. एसटी त्यांच्या शिवाराजवळ खड्ड्यासाठी हळू झाली आणि खिडकीतून ते दिसले. गाडीवाटेनं येत होते. डोक्यावर धोंडा, एक हात त्याला, पोटऱ्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या. मागं त्यांचं शेत होतं, एकही खडा नसलेलं, नांगरून ठेवलेलं. त्यांनी मला ओळखलं. दुसरा हात वर केला आणि मोठ्यानं काहीतरी म्हणाले. शेजारच्याला वाटलं शिवी दिली. मला ऐकू आलं होतं. ते म्हणाले होते, "बसा सर, बसा."

मी बसलेलाच होतो.

तांब्या माझ्या कपाटात आहे. स्टॅन्ली शेळक्यांना मी त्यांच्या नावाचा खरा अर्थ देणं लागतो, आणि एक स्टूल.